सगळ्यांनी म्हणायची बैठक

घरी गाण्याची बैठक करायची ठरवली तेव्हा निरोपातच एक ओळ घातली होती: ऐकायला कुणी येऊ नका, म्हणायला या. ते वाचून निम्म्या लोकांचे फोन आले. "आम्हाला कुठं गाता येतंय?" "माझा सूरच लागत नाही हो." "मी आपली मागं बसून टाळ्या वाजवते की." सोलापुरातला माणूस जेवायला बोलावलं तर एका हाकेला येतो, पण गायला म्हटलं की उंबऱ्यातच अडतो. आणि हीच माणसं गणपतीत, नवरात्रात आरतीला खड्या आवाजात उभी असतात. आरती चालू असताना कुणी कुणाचा सूर तपासत नाही. तसं मोकळं म्हणणं दोन-तीन तास आपल्या घरात व्हावं, एवढंच माझ्या मनात होतं.

नात्यातल्या समारंभांतून हल्ली कराओके असतं. एक जण माइक धरून उभा राहतो, पडद्यावर शब्द सरकत असतात आणि बाकीचे आपला नंबर कधी येईल याची वाट बघत मोबाइल चाळतात. ट्रॅक बहुतेक वेळा मूळ गायकाच्या पट्टीतला, त्यामुळे घरगुती गळा वर गेला की फाटतो आणि गाणारा ओशाळून खाली बसतो. ज्यांना एकट्यानं गायची हौस आहे त्यांना त्यात आनंद मिळतो, तो मिळू दे. पण ज्या वहिनी स्वयंपाक करताना तासभर गुणगुणतात त्या अशा ठिकाणी तोंड उघडत नाहीत. मला त्याच हव्या होत्या.

आधी दिवस ठरवला. आमच्या शहरात उजनी धरणाचं पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि प्रत्येक भागाची पाळी वेगळी. जुळे सोलापुरात पाणी सुटतं त्या संध्याकाळी विजापूर रोडला कोरडं असतं, अक्कलकोट रोडची वेळ आणखी निराळी. पाण्याच्या दिवशी घरची बाई बाहेर पडत नाही. म्हणून बोलवायच्या प्रत्येक घरी आधी पाण्याची पाळी विचारली आणि सगळ्यांना मोकळा असलेला शनिवार शोधला. ऋतूही विचार करून निवडला. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, पंखा बंद करता येत नाही, आणि डोक्यावर पंखा गरगरत असला की आवाजाचा बारीक भाग त्याच्या घरघरीत जातो, वर गाण्यांचे कागद उडतात ते वेगळंच. दिवाळीनंतर थंडी पडायला लागते तेव्हा पंखा बंद, खिडक्या लोटलेल्या, अशी बैठक सोलापुरात छान होते. गच्चीचा आग्रह पुष्कळांनी केला. पण उघड्यावर आवाज पसरून जातो, शेजारच्याचं गाणं आपल्याला ऐकू येत नाही आणि मग जो तो ओरडायला लागतो. म्हणून हॉलच पक्का केला.

हॉलमध्ये मात्र दुसरी अडचण होती. फरशी गुळगुळीत, भिंती मोकळ्या. सोफा आणि टीपॉय बाहेर काढल्यावर टाळी वाजवली तर ती दोनदा ऐकू यायची. अशा घुमणाऱ्या खोलीत पंधरा-वीस जण एकदम म्हणाले की शब्द एकमेकांत मिसळतात. उपाय घरातच होता. कपाटातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सोलापुरी चादरी काढल्या. सतरंजीवर दुहेरी अंथरल्या, दोन खिडक्यांच्या गजांना अडकवल्या, एक रिकाम्या भिंतीवरच्या खिळ्यांना टांगली. मग पुन्हा टाळी वाजवून बघितली, तर आवाज नुसता टप् असा आला आणि थांबला. जाड सुती कापड आवाज पिऊन टाकतं. पैसे खर्च न करता खोली गाण्याजोगी होते, हे करून बघाच.

बसायची रचना गोल केली. पेटीही त्या गोलातच, भिंतीशी किंवा समोर नाही. पेटीवाला समोर बसला की बाकीचे आपोआप श्रोते होतात. ज्यांचे आवाज पक्के आहेत असे चौघे माझ्या ओळखीत होते. त्यांना आधीच सांगून ठेवलं की एकत्र बसू नका, चार कोपऱ्यांत बसा आणि शेजारी कुणीतरी बुजरं घ्या. कानाशी भरवशाचा सूर असला की बुजऱ्या माणसाचा आवाज त्याला धरून वर येतो.

सगळ्यांत जास्त वेळ गाणी निवडण्यात गेला, आणि जावाच. सगळ्यांना पाठ असलेली म्हणून सिनेमाची लोकप्रिय गाणी आधी कागदावर घेतली होती. धाकट्या दिरांना पेटी वाजवता येते. त्यांच्याबरोबर बसून एकेक म्हणून पाहिलं. पहिली ओळ सगळे म्हणतात, अंतरा आला की एकच जण उरतो. कारण ती चालच एका तयार गळ्यासाठी बांधलेली, तीत हरकती, मुरक्या, अवघड उड्या. मग मनात आलं की आपल्या गावात घोळक्यानं म्हणायला म्हणूनच घडलेली गाणी किती आहेत! अभंगाला धृपद असतं, एकानं कडवं म्हणायचं आणि सगळ्यांनी धृपद उचलायचं. पोवाड्यात शाहीर कथा सांगतो आणि झीलकरी 'जी जी' धरतात. हादग्याची गाणी बायकांना परकरी वयापासून पाठ. शहराच्या पूर्व भागात तेलुगू घरांतून बतकम्मा हा नवरात्रातला बायकांचा फुलांचा सण होतो, त्यात एक बाई ओळ म्हणते आणि बाकीच्या प्रत्येक ओळीला 'उय्यालो' म्हणत फेर धरतात. कानडी घरांत शिवभक्त संतांची वचनं म्हणतात. कव्वालीत तर टाळी आणि परत परत येणारी ओळ हाच जीव. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू या चारही भाषा आमच्या गल्लीबोळांतून बोलल्या जातात आणि चारहींमध्ये गर्दीला शिरायला दार ठेवलेली गाणी आहेत. यादी तिथूनच केली. सिनेमाची गाणी ठेवली ती कोरस असलेली, हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी.

पट्टीचं थोडं खोलात सांगते, कारण घरगुती बैठका इथंच फसतात. पेटीची जी पट्टी 'सा' धरून गायचं ती आपली पट्टी. पुरुष साधारणपणे काळी एकच्या, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीच्या, आसपास गातात, बायका काळी चार किंवा पाचमध्ये. दोघांनी मिळून म्हणायचं तर पेटीवाला सवयीनं आपली पट्टी धरतो आणि निम्मी खोली गप्प होते. भावजी काळी एक धरून बसले तेव्हा मी आणि नणंद दोघी धृपदापर्यंत आलो आणि अंतऱ्याला सुटलो. मग आम्ही उलटं केलं. धृपदावरून पट्टी ठरवायची नाही. गाण्यातली सर्वांत उंच ओळ शोधायची, ती न शिकलेल्या बाईनं आणि न शिकलेल्या पुरुषानं म्हणून बघायची, गळ्याच्या शिरा ताणल्या की खाली सरकायचं. बायका आपल्या सप्तकात, पुरुष तेच सूर एक सप्तक खाली. असं करत आमची बहुतेक गाणी काळी चार ते पांढरी सहाच्या दरम्यान बसली. दोन अभंग असे होते की त्यांचा अंतरा थेट तार पंचमाला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'प'ला, जाऊन भिडतो. चाल फार सुंदर, पण ते बाजूला ठेवले. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर पट्टी पेन्सिलनं लिहून ठेवली, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध नको.

शब्दांचे कागद मोठ्या ठळक अक्षरांत टाइप करून झेरॉक्स काढल्या, दोघांत एक. मुद्दाम दोघांत एक, म्हणजे माणसं जवळ सरकून बसतात. सगळ्यांनी म्हणायच्या ओळी जाड ठशात. तेलुगू आणि कानडी गाणी देवनागरीत उतरवून घेतली. मोबाइलवर शब्द बघायला मी नको म्हणाले. मोबाइलमध्ये मान खाली जाते, बोट सरकवावं लागतं, आणि मधेच कुणाचा तरी मेसेज येतो.

आजूबाजूच्या चार घरांत आधी जाऊन सांगून आले. लाउडस्पीकरला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी असते आणि आमच्याकडे तर माइकच नव्हता, पण वीस गळे आणि ढोलकीही कमी ऐकू येत नाही. सहाला सुरू, नऊच्या आत बंद असं सांगितलं, आणि "तुम्हीही या की" म्हटलं. त्यातली दोन घरं आलीसुद्धा.

संध्याकाळी माणसं जमली आणि व्हायचं तेच झालं. गोलात बसली, कागद हातात घेतले, आणि एकमेकांकडे बघत राहिली. अशा वेळी "कोण सुरू करतंय?" असं विचारायचं नाही, हे मी मनाशी घोकून ठेवलं होतं. तो प्रश्न पडला की सगळे भिंतीकडे बघतात. भावजींनी नुसता सूर धरला. शब्द नाहीत, काही नाही, पेटीचा एकच सूर. मी म्हटलं, "डोळे मिटा आणि नुसता 'आ' म्हणा, श्वास संपला की थांबा, परत घ्या." सुरुवातीला दोन-तीन आवाज आले, मग पाच-सहा. थोड्या वेळानं कोण म्हणतंय आणि कोण नाही हे कळेनासं झालं, आणि माणसाला तेवढाच आडोसा हवा असतो. त्या सुरातूनच पहिला अभंग उचलला, धृपद सगळ्यांनी. दुसऱ्या कडव्यापर्यंत टाळ्या आल्या होत्या आणि "मी मागं बसते" म्हणणाऱ्या वहिनी माझ्याहून मोठ्यांदा म्हणत होत्या.

टाळांबद्दल एक सूचना. भजनी मंडळातल्या एका काकांनी पिशवी भरून टाळजोड आणले होते, प्रेमानं सगळ्यांना वाटायला. बंद खोलीत पितळी टाळांच्या चार जोड्या वाजल्या की पेटी ऐकू येत नाही, आणि पेटी गेली की घोळक्याचा सूर गेला. मी त्यांना म्हटलं, "काका, एकच जोड वाजू दे, तोही तुमच्याच हातात." त्यांनी हसून बाकीचे पिशवीत ठेवले आणि संध्याकाळभर टाळाची एकच जोड फार नेमकी वाजवली. ढोलकीवाल्या पोराला सांगितलं होतं ते लयीचं. बरीच माणसं एकत्र म्हणायला लागली की लय चढत जाते, उत्साहानं. साधा भजनी ठेका धरून त्यानं ती आवरली. जिथं चढू द्यायची तिथं, अभंगाच्या शेवटी, त्यानं चढू दिली आणि सगळे गुडघ्यावर आले.

भाच्यानं पोवाड्याचा एक तुकडा म्हटला. कॉलेजातला मुलगा, आवाज पहाडी. ज्या सोलापुरात रामजोशी झाले आणि ज्या जिल्ह्यातल्या बार्शीनं अमर शेख दिले, तिथल्या पोरानं शाहिरी करायची म्हटल्यावर मला भरून येतं. 'जी जी' म्हणायला सगळी लहान मुलं त्याच्यामागं उभी केली. ती एरवी अशा बैठकीत कंटाळून आतल्या खोलीत टीव्ही लावतात. इथं त्यांच्यावाचून कडवं पुढं सरकतच नव्हतं, त्यामुळे एकही पोर हललं नाही.

मग अक्का. आमच्या घरी पूर्वी शिवणकाम करायला यायच्या त्या, अशोक चौकाच्या पुढं राहतात. त्यांना मी बतकम्माचं गाणं म्हणा म्हटलं तर म्हणाल्या, "ते बसून म्हणायचं नसतंय. फेर पाहिजे." आम्ही कागद बाजूला ठेवले आणि उभ्या राहिलो. मध्ये फुलांची रचलेली बतकम्मा हवी, ती नवरात्रातली गोष्ट. आम्ही पितळी पातेल्यात शेवंती ठेवली. अक्कांनी एक ओळ म्हटली, वाकून टाळी दिली, आणि 'उय्यालो' म्हणत एक पाऊल पुढं टाकलं. तेलुगूचा एक शब्द न कळणाऱ्या आम्ही सगळ्या तिसऱ्या ओळीला अगदी नेमक्या जागी 'उय्यालो' म्हणत होतो. त्या गाण्यात काय सांगितलंय ते अक्कांनी नंतर बसून सांगितलं, माहेरी आलेल्या लेकीचं होतं. हादग्याच्या गाण्यातही सासर-माहेरच. पुढचं गाणं हादग्याचं घेतलं, फेर न मोडता, आणि त्यात अक्काही सामील झाल्या. त्यांना ते पाठ होतं. लहानपणी शेजारच्या मराठी मुलींबरोबर म्हणायच्या म्हणे.

समोरच्या घरातले काका कानडी. बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला अगदी कमी. त्यांनी सिद्धरामेश्वरांचं एक वचन म्हटलं. आमच्या गावात मकरसंक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते, नंदीध्वजांची मिरवणूक निघते, देऊळ साऱ्या जगाला माहीत आहे. पण सिद्धरामेश्वरांनी स्वतः बाराव्या शतकात कानडीत वचनं रचली, ती मराठी घरांतून सहसा कुणी ऐकलेली नसतात. काकांनी आधी अर्थ मराठीत सांगितला. मग म्हणाले, "प्रत्येक वचनाच्या शेवटी त्यांची मुद्रा येते, कपिलसिद्धमल्लिकार्जुना. तेवढं तुम्ही सगळ्यांनी म्हणा." अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' येतं तसंच हे. वचन गद्याच्या जवळचं, ठेक्यात बसवलेलं नाही, म्हणून ढोलकी थांबवली, नुसता पेटीचा षड्ज, म्हणजे 'सा', ठेवला. काका सावकाश म्हणत गेले आणि शेवटच्या शब्दाला सगळी खोली त्यांच्या आवाजाखाली येऊन उभी राहिली. त्यांनी ते पुन्हा म्हटलं. आणि मग तिसऱ्यांदा, आपणहून.

एकट्यानं गायची ज्यांना मनापासून इच्छा असते, त्यांचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतोच. एक आप्त गझल फार छान म्हणतात, लांबलचक म्हणतात. त्यांना अडवणं बरोबर नाही आणि मध्येच म्हणू दिलं तर जमलेला मेळ विस्कटतो. मी त्यांना चहाची वेळ दिली. सगळ्यांचे घसे विसाव्याला, हातात कप, अशा वेळी एकाचं गाणं ऐकायला गोड वाटतं. त्यांचंही मन भरलं, आमचंही.

सासूबाईंची गोष्ट मात्र ठरवून झाली नाही. त्या मंगळवेढ्याकडच्या, ऐंशी पार केलेल्या, खुर्चीत बसून सगळं बघत होत्या. चहा झाल्यावर त्यांनी कुणालाच न विचारता जात्यावरची ओवी सुरू केली. त्यांच्या पट्टीत, पेटीवर जिचा सूर सापडेना अशा. भावजी शोधायला लागले तर मी हातानं थांबवलं. ओवी दळताना म्हणायची असते, एकीनं एक म्हटली की समोरच्या बाईनं दुसरी जोडायची. समोर अक्का बसल्या होत्या. त्यांना मराठी ओवी येत नव्हती, पण नुसता हुंकार देत, हातानं जात्याचा खुंटा फिरवल्यासारखं करत त्यांनी सासूबाईंना साथ दिली आणि सासूबाई एकापाठोपाठ एक आठवत गेल्या. नणंदेनं तेवढ्यात फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाच्या वर ओव्या जमवून ठेवल्या आहेत, ते काम केवढं मोठं आहे ते त्या संध्याकाळी मला कळलं. आमच्या घरात इतकी वर्षं सासूबाई आहेत आणि यातली एकही ओवी आम्ही लिहून ठेवली नव्हती. आता वही केली आहे. दुपारी त्या सांगतात, मी लिहिते.

खाण्याचं थोडक्यात. गाण्याआधी कोरडं, तिखट, तेलकट काही देऊ नका. आपली शेंगाचटणी कितीही प्रिय असली तरी तिचा भुरका घशात बसतो आणि मग खोकला आवरत नाही. सुरुवातीला कोमट पाणी फिरवलं, मध्ये आल्याचा चहा आणि वाटीभर सुशीला, म्हणजे चुरमुऱ्यांचा उपमा. धपाटे, दही, चटणी, शेंगापोळी हे सगळं नऊनंतर. जेवताना निम्मे लोक अजून गुणगुणतच होते, आणि ज्या वहिनींना सूर लागत नव्हता त्यांनी पोळ्या वाढता वाढता काकांना ती मुद्रा नीट म्हणून दाखवायला लावली.

पुढच्या वेळी काही बदल करायचे आहेत. गाणी जास्त झाली होती, निम्मी पुरतात; एक गाणं दोन-तीनदा म्हटलं की ते खरं अंगात येतं. बसायला भिंतीलगत चार उंच पाट हवेत, गुडघेदुखीवाल्यांना दोन तास मांडी जमत नाही. कव्वाली यादीत होती पण ती उचलणारे चाचा त्या दिवशी गावाला गेले होते, त्यांना धरून तारीख घ्यायची. पुढची बैठक अक्कांच्या घरी आहे. त्यांच्या गल्लीत यंत्रमाग आहेत आणि मागाच्या खडखडाटात गाणं होणार नाही, म्हणून मागाला सुट्टी असेल तो दिवस बघितला आहे. समोरच्या काकांनी आणखी काही वचनं देवनागरीत लिहून आणून दिली आहेत. त्यांच्या झेरॉक्स काढायच्या आहेत, पट्ट्या लावायला भावजी येत्या रविवारी येणार आहेत.